विजेलाही आला बाजारभाव
खंडाळ्याच्या कारागिराने आता घड्याळाकडे का पाहावे?

पुणे-सातारा महामार्गावर शिरवळ सोडून खंबाटकी घाटाकडे निघाले की दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या रांगा लागतात. हे लोणावळ्याजवळचे थंड हवेचे खंडाळा नव्हे. हा सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुका होय. रंगांपासून फ्रिजपर्यंत अनेक वस्तू येथे तयार होतात. मोठ्या कारखान्यांच्या आधाराने लेथवाले, वेल्डिंगवाले, गॅरेजवाले, पॅकिंगचे खोके करणारे, थंड पाण्याचे जार पोहोचविणारे, बेकरीवाले असे शेकडो छोटे व्यावसायिक पोट भरतात. याच तालुक्यात लोणंद आहे आणि लोणंदचा कांदा बाजार साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

या छोट्या व्यावसायिकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट गेल्या दोन-तीन वर्षांत घडली आहे. बऱ्याच जणांना ती बिलाचा आकडा पाहून कळली, पण कारण कळले नाही. विजेचा दर आता तुम्ही किती वीज वापरता एवढ्यावरच ठरत नाही, ती कोणत्या वेळी वापरता यावरही ठरू लागला आहे. हे ज्याला समजले तो चार पैसे वाचवील. ज्याला समजले नाही तो दुसऱ्याच्या वाट्याचा भार उचलील. म्हणून हा विषय इंजिनिअर लोकांवर सोडून न देता आपण समजून घेतला पाहिजे.

कांद्याला चाळ आहे, विजेला नाही

लोणंदच्या बाजारात कांद्याची आवक वाढली की भाव पडतो. ज्या शेतकऱ्याकडे कांदा चाळ आहे तो माल साठवून थांबतो आणि भाव सुधारल्यावर विकतो. ज्याच्याकडे चाळ नाही त्याला मिळेल त्या भावात माल द्यावा लागतो. दोघांचा कांदा सारखाच असतो. फरक थांबण्याच्या ताकदीचा असतो.

विजेची अडचण अशी की तिला सहजासहजी चाळ मिळत नाही. ज्या क्षणी वीज तयार होते त्याच क्षणी ती कोणीतरी वापरावी लागते. वापर वाढला आणि निर्मिती तेवढीच राहिली तर तारांमधील विजेची लय बिघडते. आपल्या देशात ही लय सेकंदाला ५० आवर्तनांची ठेवावी लागते. ती फार घसरली तर यंत्रणा स्वतःला वाचविण्यासाठी एकामागून एक बंद पडते आणि मोठे प्रदेश अंधारात जातात. ३० जुलै २००२ रोजी पश्चिम भारताच्या आणि ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारताच्या ग्रिडची अशीच अवस्था झाली होती.

हा तोल सांभाळण्याचे काम महाराष्ट्रात अनेक वर्षे ज्याने केले तो प्रकल्प आपल्याच सातारा जिल्ह्यातला आहे. कोयनेचे धरण पाटण तालुक्यात, तर वीजगृहे सह्याद्रीच्या पलीकडे पोफळीच्या बाजूला डोंगराच्या पोटात आहेत. एकूण क्षमता १,९६० मेगावॅट. कोळशाचे वीज केंद्र थंड अवस्थेतून सुरू करायला अनेक तास लागतात. कोयनेचे पाणी मात्र झडप उघडली की काही मिनिटांत वीज देते आणि मागणी उतरली की बंदही करता येते. म्हणून कोयना ही नुसती वीज देणारी नाही, वेळेवर वीज देणारी आहे. विजेच्या भाषेत या गुणाला लवचिकता म्हणतात. परंतु पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळविण्याच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. त्यामुळे एकटी कोयना सगळी भूक भागवू शकत नाही.

मग प्रश्न येतो की लवचिकता फक्त धरणाकडेच असते काय? गावोगावच्या छोट्या यंत्रांकडे, पंपांकडे, जनरेटरकडे, छपरावरील सौर पॅनेलकडे आणि बॅटरीकडे ती नसते काय? याचे उत्तर खंडाळ्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर, पुण्याने सुमारे वीस वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे.

पुण्याचा धडा

२००५ नंतरची भारनियमनाची वर्षे कोणी व्यापारी विसरला नसेल. दुकानात मेणबत्ती, कारखान्यात डिझेलचा धूर, पिठाच्या गिरणीबाहेर डब्यांची रांग असे ते दिवस होते. पुणे शहराला गर्दीच्या वेळी सुमारे ९० मेगावॅट वीज कमी पडत होती. त्याच वेळी पुणे परिसरातील मोठ्या कारखान्यांकडे स्वतःचे जनरेटर होते आणि त्यांची एकत्रित क्षमता या तुटीपेक्षा जास्त होती.

उद्योजकांची संघटना कॉन्फेडरेशन ऑफ इंडियन इंडस्ट्री, पुण्याची प्रयास ही अभ्यास संस्था, महावितरण आणि राज्य वीज नियामक आयोग यांच्या विचारातून एक तोडगा निघाला. तुटीच्या तासांत कारखान्यांनी ग्रिडची वीज घेणे कमी करून स्वतःचे जनरेटर चालवावेत, म्हणजे वाचलेली वीज शहराला मिळेल. डिझेलचा जो जादा खर्च येईल तो शहरातील ग्राहकांनी भरून द्यावा. त्यासाठी युनिटमागे ४२ पैशांचा आकार ठरला आणि महिन्याला ३०० युनिटपर्यंत वापर असणाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले. जून २००६ मध्ये ही व्यवस्था सुरू झाली आणि पुण्याचे भारनियमन थांबले. पुढे ती 'पुणे मॉडेल' या नावाने ओळखली गेली.

यात नवे वीज केंद्र उभे राहिले नाही. विखुरलेली छोटी-मोठी यंत्रे एका वेळी, एका हिशोबाने चालली एवढेच. ज्याने सोय केली त्याला मोबदला मिळाला आणि ज्याला सोय झाली त्याने तो दिला. व्यवहार सरळ होता.

मात्र दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. डिझेलची वीज महाग व धुराची होती. आणि मोबदला मिळाला तो मोठ्या कारखान्यांना. ज्या वेल्डिंगवाल्याने त्याच काळात कर्ज काढून लहानसा जनरेटर घेतला होता, त्याला कोणी विचारले नाही. कारण तो एकटा होता, त्याच्या वापराची तासागणिक नोंद नव्हती आणि त्याच्या वतीने बोलणारी संघटना नव्हती. या लेखाचा मुद्दा हाच आहे. तो पुढे पुन्हा येईल.

सूर्य वर, भाव खाली

आता काळ बदलला. तेव्हा वीजच कमी होती. आज दुपारी वीज मुबलक आणि संध्याकाळी टंचाई अशी स्थिती आहे. कारण सौर ऊर्जा. कारखान्यांची छपरे, माळरानावरचे प्रकल्प आणि शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी उभारले जाणारे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे प्रकल्प, हे सर्व एकाच वेळी वीज देतात. दुपारी बारा वाजता सगळ्यांचाच माल बाजारात येतो. सूर्य मावळला की सगळ्यांचाच माल संपतो आणि नेमके तेव्हाच घराघरात दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारांवर आणि सांगलीच्या ढालगाव भागात पवनचक्क्या आहेत. परंतु वाऱ्याचा खरा हंगाम पावसाळ्याचा. उन्हाळ्याच्या संध्याकाळी त्यांचा भरवसा धरता येत नाही.

विजेचा घाऊक बाजार २००८ पासून आपल्या देशात भरतो. तेथे आज दिवसाच्या प्रत्येक पंधरा मिनिटांचा भाव वेगळा निघतो. दुपारी भाव पार उतरतो आणि संध्याकाळी टंचाईच्या दिवसांत तो कमाल मर्यादेला, म्हणजे युनिटला १० रुपयांना जाऊन भिडतो. एकाच दिवसात, एकाच मालात एवढी तफावत लोणंदच्या बाजारातही क्वचितच दिसेल.

हा घाऊक फरक किरकोळ ग्राहकापर्यंत आणण्यासाठी केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार १० किलोवॅटपेक्षा अधिक मागणी असणाऱ्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून आणि शेती सोडून इतरांना १ एप्रिल २०२५ पासून वेळेनुसार दर लावावेत, असे ठरले. सूर्यप्रकाशाच्या आठ तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा. गर्दीच्या तासांत व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना तो किमान २० टक्के आणि इतरांना किमान १० टक्के जास्त असावा. इतरांचे दर मात्र त्यांच्याकडे स्मार्ट मीटर बसल्यावरच लागू होतात.

महाराष्ट्रात वेळेनुसार दर पूर्वीही होते, पण सवलत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत होती. बर्फाचे कारखाने आणि रात्रपाळीचे उद्योग त्याच हिशोबाने चालत. २०२५ च्या दररचनेत चित्र उलटले. सकाळी ९ ते सायंकाळी ५ ही सवलतीची वेळ झाली आणि सायंकाळी ५ ते रात्री १२ ही जादा आकाराची. ज्यांनी वर्षानुवर्षे रात्री काम करून पैसे वाचविले, त्यांनी जुनी सवय तशीच ठेवली तर तोटा होणार आहे.

कागद-पेन्सिलचा हिशोब

समजा शिरवळमधील एका फॅब्रिकेशन वर्कशॉपचा महिन्याचा वापर २,००० युनिट आहे आणि त्यातील ५०० युनिट संध्याकाळी ५ नंतर जातात. हिशोब सोपा राहावा म्हणून मूळ दर ८ रुपये धरू. संध्याकाळी २० टक्के जास्त म्हणजे ९ रुपये ६० पैसे. दिवसा २० टक्के कमी म्हणजे ६ रुपये ४० पैसे. फरक ३ रुपये २० पैसे. पाचशेपैकी ४०० युनिटचे काम दिवसा हलविले तर महिन्याला १,२८० रुपये आणि वर्षाला १५,३६० रुपये वाचतील. एकही नवे यंत्र न घेता, केवळ कामाचा क्रम बदलून.

प्रत्यक्ष दर आपल्या ग्राहक वर्गानुसार वेगळे असतात आणि आयोगाच्या आदेशागणिक बदलतात. म्हणून आपल्या बिलावर वेळेनुसार वापराचे रकाने आहेत की नाहीत हे आधी पाहावे. रकाने असतील तर मागील तीन महिन्यांची बिले शेजारी ठेवून संध्याकाळच्या रकान्यात किती युनिट पडतात ते मोजावे. रकाने नसतील तर या सवलतीचा फायदा आपल्याला मिळत नाही हे उघड आहे. मग मीटर कोणते आहे याची लेखी चौकशी करावी. स्मार्ट मीटरवरून राज्यात बरीच नाराजी झाली आणि ग्राहकांच्या शंका रास्तही आहेत. परंतु वेळेची नोंद ठेवणारे मीटर नसेल तर वेळेची सवलतही मिळणार नाही, हे ध्यानात असू द्यावे.

कोणाच्या धंद्यात चाळ आहे?

वीज साठत नसली तरी विजेने केलेले काम साठते. आपल्या धंद्यात ही 'चाळ' कोठे आहे हे प्रत्येकाने शोधावे.

थंड पाण्याचे जार भरणारा व्यावसायिक या बाबतीत नशीबवान आहे. पाणी शुद्ध करणे व थंड करणे हे काम सकाळी ९ ते ५ मध्ये उरकून टाकीत साठविता येते. टाकी चांगली झाकलेली व उष्णतारोधक असली म्हणजे झाले. बर्फाचा कारखाना, दूध शीतकरण केंद्र, मांस-मासळीचे शीतगृह यांनाही दिवसा जास्त थंडावा भरून ठेवून संध्याकाळी एक-दोन तास कॉम्प्रेसर थांबविता येतो. मात्र माल खराब होणार नाही इतपतच. तापमापक पाहिल्याशिवाय हा प्रयोग करू नये. पिठाची गिरणी, मसाला कांडप आणि आरा गिरणी यांचा माल तर पोत्यात किंवा फळीत साठतो. वर्कशॉपवाल्याने कापणे, ग्राइंडिंग, पावडर कोटिंगची भट्टी अशी जड कामे दुपारी घ्यावीत आणि जुळवणी, रंगाची सफाई, मोजमाप यांसारखी हलकी कामे संध्याकाळी ठेवावीत. विजेवरची रिक्षा किंवा मालवाहू तीनचाकी असेल तर दुपारच्या विश्रांतीत जमेल तेवढे चार्जिंग करावे आणि संध्याकाळी घरी येताच प्लग लावण्याची सवय सोडावी.

सांगली-सातारच्या दुष्काळी पट्ट्यातील टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना म्हणजे याच तत्त्वाचे मोठे रूप. प्रचंड पंप कृष्णेचे पाणी वर उचलतात. पाणी एकदा वर चढले की ते कालव्यात आणि तलावात थांबते. पंप मात्र स्वस्त तासांत चालविता येतात.

सगळ्यांना हे जमणार नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. कापड दुकानाचे, हॉटेलचे, केशकर्तनालयाचे गिऱ्हाईक संध्याकाळीच येते. रमजान महिन्यात तर बाजार इफ्तारनंतरच फुलतो. दुकानदाराने दिवे बंद करून बसावे असे कोणी म्हणणार नाही. सणाच्या आधी शिंप्याला रात्री जागावेच लागते. अशा छोट्या माणसाकडे लवचिकता नाही आणि जादा आकार मात्र त्याच्याच वेळेवर आहे. या दररचनेतील ही खरी टोचणारी बाजू आहे. त्याच्यापुरता उपाय म्हणजे वीज कमी खाणारे दिवे व पंखे, आणि गिऱ्हाइकाशी संबंध नसलेली कामे, जसे इस्त्री, पाण्याची मोटार, फ्रीजमध्ये नवा माल भरणे, संध्याकाळपूर्वी आटोपणे.

बॅटरी घ्यावी काय?

विक्रेते सांगतात की दुपारी बॅटरी भरा आणि संध्याकाळी वापरा. हिशोब करून पाहावा. रोज ५ युनिट साठविले तर वरील दराने फार तर १६ रुपये सुटतात. वर्षातील ३०० दिवसांचे ४,८०० रुपये. त्यातून भरताना व वापरताना जाणारी घट वजा करावी आणि बॅटरीची किंमत व आयुष्य मांडावे. केवळ दरातील फरकासाठी लहान दुकानदाराला बॅटरी सहसा परवडत नाही. वीज गेल्यावर ज्याचा माल नासतो किंवा ज्याला डिझेल जाळावे लागते, त्याच्यासाठी गणित वेगळे आहे.

छपरावरील सौर पॅनेलची गोष्ट निराळी. दिवसा काम करणाऱ्या वर्कशॉपला ते उपयोगी पडते, कारण तयार झालेली वीज तेथेच खपते. रात्रीचाच धंदा असणाऱ्याने मात्र दिवसाची शिल्लक वीज संध्याकाळच्या वापरातून वळती होईल काय, हे महावितरणकडून लेखी विचारूनच पैसे गुंतवावेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे ७८ हजार रुपयांपर्यंतचे अनुदान हे घरगुती ग्राहकांसाठी आहे. दुकानाला ते मिळवून देतो असे सांगणाऱ्यापासून सावध राहावे.

मोबदला कोणाला?

आतापर्यंत बचतीची गोष्ट झाली. पुढची पायरी कमाईची आहे. इंग्लंडमध्ये ग्रिड चालविणाऱ्या संस्थेने नोव्हेंबर २०२२ मध्ये एक योजना सुरू केली. टंचाईच्या एक-दोन तासांची आगाऊ सूचना द्यायची आणि त्या वेळी जो वापर कमी करील त्याला पैसे द्यायचे. त्या हिवाळ्यात १६ लाख घरे व व्यवसाय त्यात सहभागी झाले आणि सुमारे ३३ लाख युनिट वाचले. मुंबईत टाटा पॉवरने २०२३ मध्ये याच धर्तीचा कार्यक्रम जाहीर केला आणि त्यात घरगुती ग्राहकांबरोबर व्यापारी ग्राहकही धरले. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०२४ मध्ये मागणीच्या लवचिकतेसंबंधी स्वतंत्र विनियम काढले. वितरण कंपन्यांनी आपल्या कमाल मागणीचा काही हिस्सा नवी वीज विकत घेऊन नव्हे, तर ग्राहकांच्या वापरातील फेरबदलातून भागवावा, असे बंधन त्यात आहे.

म्हणजे वितरण कंपनीला आता आपली थांबण्याची ताकद हवी आहे. पण ती चार किलोवॅटच्या एकेका वर्कशॉपशी करार करीत बसणार नाही. ती मोठ्या कारखान्याच्या दारात जाईल. तेथे इंजिनिअर आहे, मीटर आहे, सही करणारा अधिकारी आहे. २००६ मध्ये पुण्यात असेच झाले. छोट्यांनी एकत्र येऊन आपली मोट बांधली नाही तर पुन्हा तसेच होईल.

मोट बांधणे अवघड नाही. समजा शिरवळ, खंडाळा आणि लोणंद मिळून ५० व्यावसायिक असे निघाले की जे संध्याकाळी एक तास प्रत्येकी ४ किलोवॅट वापर थांबवू शकतात. ते झाले २०० किलोवॅट. हा आकडा घेऊन गेलेल्या संघटनेचे म्हणणे कोणत्याही कार्यालयात ऐकून घेतले जाईल. व्यापारी संघटनांनी तीन कामे करावीत. सभासदांची यादी करून कोणाचे कोणते यंत्र किती वेळ थांबू शकते ते लिहून काढावे. प्रत्येकाच्या वेळेनुसार वापराची बिले जमा करावीत, कारण नोंदीशिवाय मोबदला मागता येत नाही. आणि दरवाढीच्या प्रस्तावावर आयोग जाहीर सूचना-हरकती मागवितो, त्या वेळी संध्याकाळच्या छोट्या दुकानदाराची अडचण लेखी मांडावी. मोठे उद्योग दर वेळी मांडतात. आपला कागद तेथे पोहोचतच नाही.

करार करताना दोन गोष्टी पाहाव्यात. थांबण्याची सूचना किती तास आधी मिळणार, आणि एखाद्या दिवशी थांबता आले नाही तर दंड आहे काय. दंड असलेल्या करारावर न समजता सही करू नये. कामगारांच्या वेळा बदलताना त्यांनाही विश्वासात घ्यावे. संध्याकाळचे काम दिवसा आले तर तो लवकर घरी जाईल. पण ओव्हरटाइम बुडत असेल तर बचतीतील वाटा त्यालाही दिला पाहिजे.

लोणंदच्या कांदेवाल्याला कोणी अर्थशास्त्र शिकविले नाही. चाळ असलेला आणि चाळ नसलेला यांच्या हातात पडणाऱ्या पैशांतला फरक पाहून तो शहाणा झाला. विजेच्या बाजारात आपण आज चाळ नसलेल्या माणसाच्या जागी उभे आहोत. सुरुवात मात्र फुकट आहे. या महिन्याचे बिल आले की ते नुसते भरून टाकू नका. एकदा उघडून संध्याकाळचा रकाना पाहा आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या दुकानदारालाही त्याचे बिल काढायला सांगा.